पदकं मोजण्याआधी बोट बघा: निवृत्त रोइंगपटूची कारकीर्द कशी लिहावी

एलिसाबेता लिपा, रोमानिया. ५ सुवर्ण, २ रौप्य, १ कांस्य. ऑलिंपिकच्या रोइंगमध्ये इतकी पदकं दुसऱ्या कोणाच्याच नावावर नाहीत.

एवढं लिहून झालं की बहुतेकांची गाडी अडते. क्रीडापानावर उपसंपादक असताना असे मजकूर माझ्या टेबलावर सतत यायचे. पुढच्या वाक्यापासून जिद्द, चिकाटी आणि पहाटेचा सराव सुरू व्हायचा, तो थेट शेवटच्या परिच्छेदातल्या 'तरुणांपुढे आदर्श'पर्यंत. हे शब्द कुठल्याही खेळाडूच्या नावाखाली खपतात, त्यामुळे वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. क्रिकेटपटूवर असं लिहिलं तरी निदान धावा आणि डाव वाचकाला ठाऊक असतात. रोइंगमध्ये तीही सोय नाही. 'डबल स्कल्समध्ये सुवर्ण' म्हणजे नेमकं काय, हे वाचणाऱ्यालाही कळत नाही आणि पुष्कळदा लिहिणाऱ्यालाही.

म्हणून रोइंगपटूच्या कारकिर्दीवर लिहायचं असेल तर काम कसं करावं, ते लिपाचंच उदाहरण घेऊन सांगते. कॉलेजात मी जोडीच्या बोटीत वल्हवायचे, त्यामुळे काही गोष्टी हाताला माहीत आहेत. बाकीच्या तुमच्यासारख्याच निकालांच्या कागदांतून शिकले.

आधी तक्ता, मग वाक्यं

एक कोरा कागद आडवा घ्या. रकाने असे पाडा: साल, ठिकाण, बोटीचा प्रकार, बोटीत सोबत कोण, कितवा क्रमांक, शर्यतीचं अंतर, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर कोण, खेळाडूचं वय. शेवटचा रकाना जरा रुंद ठेवा आणि त्यावर 'कोण आलं नव्हतं' असं लिहा. लिपाचा तक्ता थोडक्यात असा होतो:

१९८४, लॉस एंजेलिस: डबल स्कल्स, मारिओआरा पोपेस्कुबरोबर, सुवर्ण.
१९८८, सोल: डबल स्कल्स, वेरोनिका कोजानुबरोबर, रौप्य, क्वाड्रपल स्कल्स, कांस्य.
१९८९, ब्लेड (तेव्हाच्या युगोस्लाव्हियातलं तळ्याकाठचं गाव), जागतिक अजिंक्यपद: सिंगल स्कल्स, सुवर्ण.
१९९२, बार्सिलोना: सिंगल स्कल्स, सुवर्ण, डबल स्कल्स, वेरोनिका कोकेलाबरोबर, रौप्य.
१९९६, अटलांटा: एट, सुवर्ण.
२०००, सिडनी: एट, सुवर्ण.
२००४, अथेन्स: एट, सुवर्ण.

तिच्या जागतिक अजिंक्यपदाच्या इतर नोंदीही सवडीने भरा. पण सुरुवातीला कागद मोकळा असलेला बरा, नाहीतर मुख्य रेषा दिसत नाही.

तक्ता भरताना पहिली अडचण नावांची येते. १९८४च्या निकालात 'लिपा' शोधलंत तर सापडणार नाही. तेव्हा ती एलिसाबेता ओलेन्युक होती. वरच्या यादीतली १९८८ची कोजानु आणि १९९२ची कोकेला ही एकच बाई आहे. लिपाच्या एटमधली सहकारी जॉर्जेता दामियान पुढे जॉर्जेता आंद्रुनाके या नावाने दिसते. महिला खेळाडूंवर लिहिताना माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं पहिल्याच दिवशी टिपून ठेवा. नाहीतर कारकीर्द मधूनच सुरू झाल्यासारखी दिसते, किंवा एका जोडीदारणीच्या दोन होतात.

दुसरी अडचण खेळाचीच. रोमानियन भाषेत शोधताना रोइंगसाठी 'कानोताज' हा शब्द लावा. 'कायाक-कानोए' हा तिथे वेगळा खेळ आहे, त्याचा संघही वेगळा. इवान पात्साइकिन हा रोमानियाचा थोर ऑलिंपिक विजेता त्या दुसऱ्या खेळातला, पण आपल्याकडे सगळ्यांना सरसकट 'नौकानयनपटू' म्हणतात आणि मग एकाचा फोटो दुसऱ्याच्या मजकुरावर चढतो. ओळखायचं सोपं आहे. कनूवाला जातो त्या दिशेला तोंड करून बसतो. रोइंगपटूची पाठ अंतिम रेषेकडे असते आणि मागे पडलेले प्रतिस्पर्धी त्याला समोर दिसत राहतात.

वल्हं एक की दोन?

आता बोटीच्या रकान्यावरून वरून खाली बोट फिरवा. डबल, डबल, क्वाड्रपल, सिंगल, सिंगल, डबल. आणि मग एट, एट, एट. लिपाच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट इथे आहे, आणि मी वाचलेल्या बहुतेक मजकुरांत ती नसतेच.

ज्या बोटीच्या नावात 'स्कल्स' आहे (सिंगलमध्ये एकटी, डबलमध्ये दोघी, क्वाड्रपलमध्ये चौघी), तिच्यात प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही असतात, दोन्ही बाजूंना एकेक. पेअर (दोघी), फोर (चौघी) आणि एट (आठजणी) या बोटींत प्रत्येकीकडे एकच, पण लांब वल्हं असतं आणि ते दोन्ही हातांनी धरायचं असतं. याला स्वीप म्हणतात. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटेल. शरीराला मात्र हे दोन वेगळे खेळ वाटतात. स्कल्समध्ये हालचाल दोन्ही बाजूंना सारखी असते. दोन्ही मुठी पोटाकडे येताना एकमेकींवरून जातात, नवख्यांच्या बोटांची सालं तिथेच निघतात. स्वीपमध्ये कंबरेपासून वरचं अंग वल्ह्याच्या बाजूला वळतं. बाहेरचा हात ओढतो, आतला हात पातं फिरवतो, आणि वर्षानुवर्षं एकाच बाजूला बसलेल्या खेळाडूची पाठही त्याच बाजूने घडते. बोट सरळ ठेवणंसुद्धा तुमच्या एकटीच्या हातात राहत नाही. उजवीकडच्या आणि डावीकडच्या वल्ह्यांनी मिळून ती सरळ ठेवायची असते.

लिपाने १९९२ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, सिंगल स्कल्सचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. सिंगल ही या खेळातली सर्वांत एकाकी बोट. नियमाने तिचं किमान वजन १४ किलो. चूक झाली तर ती कोणाच्या नावावर टाकता येत नाही आणि जिंकलं तर कोणाबरोबर वाटून घ्यावं लागत नाही. तिथली जगज्जेती आणि ऑलिंपिक विजेती बाई पुढच्या ऑलिंपिकला एटमध्ये दिसते. एटचं किमान वजन ९६ किलो, आत आठजणी आणि नववी सुकाणू सांभाळणारी कॉक्स. तिथे तिच्या हातात एकच वल्हं. वय ३१. त्यानंतर तिची सगळी ऑलिंपिक पदकं त्याच बोटीतली.

तुमच्या मजकुराचा कणा हाच असायला हवा. पाच सुवर्णं हा आकडा सलग लिहिला की ती एका माळेतली वाटतात. तसं नाही. एक जोडीचं, एक एकटीचं, तीन नऊजणींची. यात तिच्या दोन कारकिर्दी आहेत आणि मधला सांधा १९९२ ते १९९६ या वर्षांत आहे. तिला प्रश्न विचारायची संधी कधी मिळालीच, तर मी त्या चार वर्षांबद्दलच विचारीन.

इथे आणखी एक गोष्ट तपासून घ्यायची: त्या वर्षी ऑलिंपिकमध्ये कोणत्या शर्यती होत्या. ही यादी बदलत असते. महिलांची चारजणींची स्वीप बोट १९७६ ते १९८८ कॉक्ससह होती, १९९२ मध्ये कॉक्सविना झाली, १९९६ मध्ये यादीतून गेली आणि थेट टोकियोला परतली. म्हणजे १९९६ पासून पुढची बरीच वर्षं स्वीप करणाऱ्या बाईला ऑलिंपिकमध्ये दोनच दारं होती, पेअर किंवा एट. 'तिने एट निवडली' असं लिहिण्याआधी निवडायला काय काय होतं, ते बघा.

अंतर बदललं, ते वाचकाला सांगा

हा भाग छोटा आहे, पण चुकवू नका. महिलांचं रोइंग ऑलिंपिकमध्ये आलं १९७६ साली, माँट्रियलला. तेव्हा बायकांसाठी अंतर १००० मीटर होतं, पुरुषांच्या निम्मं. १९८५च्या जागतिक अजिंक्यपदापासून ते २००० मीटर झालं आणि ऑलिंपिकमध्ये १९८८ पासून. लॉस एंजेलिसच्या डबल स्कल्सची वेळ साडेतीन मिनिटांच्या आतली आहे. ती बार्सिलोनाच्या वेळेशेजारी ठेवलीत तर वाचक गोंधळेल. शिवाय लिपाने दोन्ही अंतरांवर ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं आहे. साडेतीन मिनिटांची शर्यत आणि सात मिनिटांची शर्यत यांना फुप्फुसं वेगळी लागतात, त्यामुळे यासाठी एक स्वतंत्र वाक्य नक्की हवं.

एकूणच वेळांपासून सांभाळून राहा. उघड्या पाण्यावर वारा मागून असेल तर सगळ्यांच्याच वेळा घटतात, समोरून असेल तर वाढतात. म्हणून या खेळात 'विश्वविक्रम' म्हणत नाहीत, 'जागतिक सर्वोत्तम वेळ' म्हणतात. दोन वेगळ्या वर्षांच्या वेळांची वजाबाकी करून कोणाची प्रगती दाखवू नका. एकाच शर्यतीतल्या वेळांमधला फरक मात्र खुशाल सांगा. बार्सिलोना ऑलिंपिकचं रोइंग झालं त्या बान्योलेसच्या तळ्यावर १९९२च्या सिंगलच्या अंतिम फेरीत लिपाची वेळ ७ मिनिटं २५.५४ सेकंद आणि दुसऱ्या आलेल्या बेल्जियमच्या अनेलीस ब्रेडालची ७ मिनिटं २६.६४ सेकंद. दोन किलोमीटर वल्हवून फरक १.१० सेकंदाचा. हा आकडा काहीतरी सांगतो.

'कोण आलं नव्हतं' हा रकाना

आता तो रुंद रकाना. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी आणि त्यांच्या बहुतेक मित्रदेशांनी बहिष्कार घातला होता. रोमानियाने तो झुगारला आणि संघ पाठवला. देशाला २० सुवर्णांसह ५३ पदकं मिळाली. महिलांच्या रोइंगमध्ये सहा शर्यती होत्या, त्यांतल्या पाच रोमानियाने जिंकल्या. सहावी, एटची, अमेरिकेने. त्या पाचांपैकी डबल स्कल्समध्ये १९ वर्षांची ओलेन्युक होती.

चार वर्षांनी सोलला पूर्व जर्मनी हजर. पुन्हा सहा शर्यती, आणि या वेळी पाच पूर्व जर्मनीच्या. उरलेली एक, पेअरची, रोमानियाच्या रोदिका आर्बा आणि ओल्गा होमेगी यांची. डबल स्कल्समध्ये बिर्गिट पेटर आणि मार्टिना श्रोटर पहिल्या, लिपा-कोजानु दुसऱ्या.

या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवा आणि मग पदकांचं वजन करा. माझं मत सांगते: सोलचं रौप्य लॉस एंजेलिसच्या सुवर्णापेक्षा हलकं मुळीच नाही, कदाचित जडच असेल. पण म्हणून १९८४चं सुवर्ण 'बहिष्कारामुळे मिळालेलं' असं लिहून मोकळं होऊ नका. एकोणीस वर्षांच्या मुलीने समोर उभ्या असलेल्या सगळ्या बोटी मागे टाकल्या होत्या, याहून जास्त तिला करता येण्यासारखं काही नव्हतं. ज्यांना तरीही शंका आहे, त्यांच्यासाठी तक्त्यात १९८९ची ओळ आहे. ब्लेडच्या तळ्यावर सिंगल स्कल्सचं जागतिक अजिंक्यपद तिने जिंकलं, तेव्हा पूर्व जर्मनी नावाचा देश अजून स्पर्धेत उतरत होता. या कारणासाठी ती ओळ ऑलिंपिकच्या यादीत घुसवलीच पाहिजे. नुसती ऑलिंपिक पदकं मोजणारे तिला वगळतात आणि त्यांचा युक्तिवाद लंगडा पडतो.

पूर्व जर्मनीचा विषय निघाला की डोपिंगचा निघणारच. तिथल्या सरकारी डोपिंग योजनेची कागदपत्रं बर्लिनची भिंत पडल्यानंतर बाहेर आली, हे खरं. तुम्ही लिहिताना योजनेबद्दल लिहा. एखाद्या खेळाडूविरुद्ध नाव घेऊन काही सिद्ध झालेलं नसेल तर तिच्याबद्दल सुचवूसुद्धा नका. 'खरं सुवर्ण लिपाचंच' असली वाक्यं टाळ्या घेतात, पण ती सिद्ध करता येत नाहीत.

याच रकान्यातून आणखी एक गैरसमज सुटतो. रोमानियाचं नाव आलं की लोक 'साम्यवादी राजवटीतला पदकांचा कारखाना' असं लिहून पुढे जातात. डिसेंबर १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कुची साम्यवादी राजवट कोसळली. तक्त्यावर तिथे आडवी रेघ मारा. रेघेच्या वर ऑलिंपिकची तीन पदकं: एक सुवर्ण, एक रौप्य, एक कांस्य. रेघेखाली पाच: चार सुवर्णं आणि एक रौप्य. लिपाचा क्लब बुखारेस्टचा दिनामो, गृहखात्याचा क्लब. तिची पायाभरणी जुन्या व्यवस्थेत झाली, हे नाकारायचं कारण नाही. पण ती व्यवस्था गेल्यावर पंधरा वर्षं तिने जिंकणं सुरूच ठेवलं. कारखान्याची गोष्ट सांगणाऱ्यांना या चार सुवर्णांचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून ते ती सांगत नाहीत.

जन्मगावाचाही एक रकाना करता आला तर करा. लिपा सिरेतची, देशाच्या उत्तर टोकाला, युक्रेनच्या सीमेलगत, सुचावा जिल्ह्यात. तिच्या एटमधली दोइना इग्नात त्याच जिल्ह्यातल्या रदाउत्सची. जॉर्जेता दामियान शेजारच्या बोतोशानची. एका खेळाडूवर लिहिताना हे किरकोळ वाटतं. संघावर लिहायची वेळ आली की याच रकान्यातून सुरुवात मिळते.

प्रतिस्पर्धीची गोष्ट किती सांगावी

बार्सिलोनाच्या त्या सिंगल शर्यतीत तिसरी आली कॅनडाची सिल्केन लाउमन. १९९१ची ती जगज्जेती. ऑलिंपिकच्या दहा आठवडे आधी जर्मनीत एसेनला सरावाच्या वेळी जर्मन पुरुषांची जोडीची बोट तिच्या बोटीवर आदळली आणि तिच्या पायाला भयंकर जखम झाली. कित्येक शस्त्रक्रियांनंतर ती बान्योलेसला आली आणि तिने कांस्यपदक मिळवलं. इंग्रजीत शोधलंत तर १९९२च्या या शर्यतीबद्दल बहुतेक सगळं लाउमनबद्दलच सापडेल. गोष्ट आहेच तशी.

पण तुम्ही लिपावर लिहिताय. लाउमनला दोन वाक्यं द्या, तिसरं नको. त्यातलं एक मी असं खर्चीन: १९८४च्या डबल स्कल्समध्ये लिपा आणि पोपेस्कु जिंकल्या तेव्हा कांस्यपदकावर सिल्केन आणि तिची बहीण डॅनिएल होत्या. म्हणजे ही गाठ आठ वर्षांची आहे. अपघातापेक्षा हा धागा लिपाच्या मजकुरात जास्त शोभतो, कारण यात दोघीही आहेत.

उरलेली जागा तिच्या दुसऱ्या पदकाला द्या. त्याच स्पर्धेत ती डबल स्कल्सही वल्हवत होती आणि रौप्य घेऊन गेली. एका बोटीत उतरायचं तरी हीट म्हणजे प्राथमिक फेरी, मागे पडलात तर दुसरी संधी देणारी रेपेशाज फेरी, मग उपांत्य आणि अंतिम फेरी, असं सगळं काही दिवसांत उरकायचं असतं. दोन बोटींत उतरायचं म्हणजे हा हिशेब दुप्पट. रोमानियाच्या बायकांनी हे वारंवार केलं आहे. सिडनीत दामियान आणि इग्नात पेअर जिंकल्या आणि एटही. दोन पदकं एका ऑलिंपिकची दिसली की त्या वर्षीचं वेळापत्रक उघडून मधले तास मोजा. पहाटेच्या सरावाबद्दलच्या परिच्छेदापेक्षा ते तास वाचकाला जास्त सांगतील.

नऊजणींचं सुवर्ण एकीच्या नावावर कसं लिहावं

एटबद्दल लिहिताना बहुतेक जण दोनपैकी एका बाजूला घसरतात. कोणी लिहितं 'लिपाने सलग तीन सुवर्णं जिंकून दिली', जणू बाकीच्या आठजणी प्रवासी होत्या. कोणी सांघिक म्हणून एका ओळीत उरकतं. निकालात एटला एकच वेळ असते, कोणी किती ओढलं याचा आकडा कुठेच नसतो. मग करायचं काय? बोटीतली नावं वाचायची.

तीनही वर्षांच्या नऊ-नऊ नावांचे तीन उभे गट शेजारी लिहा आणि सारख्या नावांवर खुणा करा. १९९६, २००० आणि २००४ या तीनही बोटींत असलेल्या चौघीच निघतात: लिपा, लिलियाना गाफेंकु, दोइना इग्नात आणि कॉक्स एलेना जॉर्जेस्कु. बाकीच्या जागा बदलत राहिल्या. दर वेळी दुसरा येणारा देशही वेगळा: अटलांटाला कॅनडा, सिडनीला नेदरलँड्स, अथेन्सला अमेरिका. प्रतिस्पर्धी बदलले, निम्म्याहून जास्त बोट बदलली आणि निकाल तोच राहिला. आता 'सातत्य' हा शब्द लिहायची गरज उरली नाही.

खुणा करताना आणखी एक नाव हाती लागतं. १९९६च्या बोटीत मारिओआरा पोपेस्कु आहे, म्हणजे १९८४ची ती जोडीदारीण. बारा वर्षांनी दोघी पुन्हा एका बोटीत, आणि पुन्हा सुवर्ण. १९८८ची कोजानु, आता कोकेला, तीही त्याच बोटीत आणि पुढे सिडनीच्याही. म्हणजे लिपा एकटीने स्कल्सचा संसार मोडून स्वीपच्या घरात गेली नव्हती. ही माहिती कुठल्या मुलाखतीत शोधत बसावी लागत नाही. निकालाच्या कागदावर नावं छापलेली असतात, फक्त पदकांचा रकाना सोडून डोळा इकडे वळवावा लागतो.

कॉक्सला विसरू नका. जॉर्जेस्कु वल्हवत नव्हती म्हणून तिचं नाव गाळणारे मी पाहिले आहेत. बोटीत तोंड पुढे करून बसलेली ती एकटीच असते. वळण, वेग कधी वाढवायचा, बाजूची बोट किती जवळ आली, हे सगळं आठजणींना तिच्या तोंडूनच कळतं. फोटोओळीत नऊ नावं गेली पाहिजेत.

वय शेवटी घाला. अथेन्सला लिपा ३९ वर्षांची होती, दोन महिन्यांनी चाळिशी. पहिल्या आणि शेवटच्या ऑलिंपिक सुवर्णात २० वर्षांचं अंतर. हे दोन आकडे मजकुराच्या तोंडी टाकले तर नुसते चमकतात. वल्हं बदलल्याचं आणि बोट बदलल्याचं वाचून झाल्यावर आले तर वाचक त्यांच्यापाशी थांबतो.

तुलना

तुलना मागणारा संपादक भेटतोच. इथे बाजूला उभा केला जातो ब्रिटनचा स्टीव्ह रेडग्रेव्ह: १९८४ ते २००० सलग पाच ऑलिंपिक, पाच सुवर्णं, शिवाय १९८८चं एक कांस्य. मोठं कोण, यात पडू नका. बोटी लिहा. रेडग्रेव्हची पाचही सुवर्णं स्वीपची, फोर आणि पेअरची. लिपाची दोन स्कल्सची, तीन स्वीपची. रेडग्रेव्ह दर ऑलिंपिकला सुवर्ण घेऊन गेला, लिपाचं सोलला हुकलं. एवढं लिहिलं की वाचक आपला निवाडा आपणच करतो, आणि तो तुमच्यापेक्षा बरा असतो.

निवृत्तीनंतरचं

इथे हात आखडता घ्या. २००८ मध्ये तिला थॉमस केलर पदक मिळालं, आंतरराष्ट्रीय रोइंगमधला सर्वोच्च सन्मान. २००९ पासून ती रोमानियाच्या रोइंग महासंघाची अध्यक्ष झाली. नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१७ दाचियान चोलोश यांच्या सरकारात ती युवक व क्रीडा मंत्री होती.

अध्यक्षपदाचा काळ लिहायचा असेल तर चांगलं-वाईट दोन्ही लिहा. २०१२ला लंडनमध्ये रोमानियाला रोइंगचं एकही पदक नाही. २०१६ला रिओत महिलांच्या एटचं कांस्य. टोकियोत अंकुत्सा बोदनार आणि सिमोना रादिश यांनी महिला डबल स्कल्सचं सुवर्ण जिंकलं. रोमानियाला या शर्यतीचं ऑलिंपिक सुवर्ण याआधी फक्त १९८४ मध्ये मिळालं होतं, म्हणजे लिपा-पोपेस्कुचंच. पॅरिसला २०२४ मध्ये दोन सुवर्णं आणि तीन रौप्यं, आणि त्यातलं एक सुवर्ण महिलांच्या एटचं. हे सगळं श्रेय अध्यक्षांना देण्याचा मोह होईल. वल्हवलं कोणी ते आधी लिहा आणि अध्यक्ष कोण होतं ते त्यानंतर. लंडनच्या शून्यालाही तोच क्रम लावा.

आणि हे सगळं जमवल्यावर संपादकाने तीनशेच शब्द दिले तर? मंत्रिपद काढा, रेडग्रेव्ह काढा, लाउमनचा अपघात काढा, एकूण पदकांचा आकडा मथळ्याखालच्या ओळीत ढकला. १९८४ आणि १९८८ एका परिच्छेदात शेजारी ठेवा, १९९२च्या सिंगलला एक परिच्छेद द्या, हातातली दोन वल्ही जाऊन एक कसं आलं ते सांगा, आणि उरलेल्या जागेत त्या तीन बोटींतली नावं. जागा कमी पडली तर ब्लेडची ओळ वाचवण्यासाठी विशेषणं कापा.